विकी फुकट, लाइट-पाणी वेगळं

भोसरी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्यात रात्रपाळीला एक मशिन अलार्म देऊन थांबलं. हाच अलार्म दोन वर्षांपूर्वीही आला होता. तेव्हाचा उपाय कुणीतरी डायरीच्या पानावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता, एवढं सगळ्यांना आठवत होतं. फोटो काही सापडेना. ज्यांनी तो टाकला ते काका रिटायर होऊन साताऱ्याला गेलेले. शेवटी साडेअकराला त्यांना झोपेतून उठवलं, त्यांनी दोन मिनिटांत फोनवर सांगितलं आणि मशिन सुरू झालं. सकाळी मालकांचा मला फोन : "मॅडम, विकिपीडियासारखं आपल्यापुरतं काही करता येतं का? आणि किती पडेल?"

करता येतं, आणि सॉफ्टवेअरला एक पैसा पडत नाही. पण भाड्याच्या खोलीची जाहिरात वाचताना आपण जसं 'लाइट-पाणी वेगळं' हे शब्द शोधतो, तसं इथंही शोधावं लागतं. फरक इतकाच की विकीच्या जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं.

विकी म्हणजे काय, हे दोन ओळींत. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. होनोलुलु विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्याने नाव उचललं. हवाई भाषेत त्याचा अर्थ 'झटपट'. पान वाचणाऱ्याला चूक दिसली तर त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करायची आणि जुनी आवृत्ती मागे जपून राहते, एवढीच कल्पना. सोसायटी, ट्रेकिंगचा ग्रुप, वाचनालय, वकिलाचं ऑफिस, कुणालाही उपयोगी पडेल अशी.

खर्चाआधी एक आडवा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते : स्वतःचा सर्व्हर हवाच आहे का? माणसं दहाच्या आत असतील आणि मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहिला तरी चालणार असेल, तर कॉन्फ्लुएन्स या तयार विकीची ऑनलाइन आवृत्ती दहा जणांपर्यंत फुकट मिळते, ती घ्या आणि हा लेख इथेच मिटवा. कारखान्यात माणसं बावीस, शिवाय ग्राहकाची ड्रॉइंग आवाराबाहेर जाऊ द्यायची नाहीत असं करारात लिहिलेलं. म्हणून आम्ही पुढे गेलो. पैसे मोजून स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे कायमची निश्चिंती, असंही समजू नका. ॲटलासियन कंपनीने कॉन्फ्लुएन्सच्या तशा 'सर्व्हर' आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला.

जागेचं भाडं

स्वस्तातली जागा म्हणजे शेअर्ड होस्टिंग, चाळीतली खोली. वर्षाला दीड ते चार हजार रुपयांत मिळते. जाहिरातीतला आकडा पहिल्या वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी किती, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं आणि तोच आकडा धरायचा. माझ्या एका ट्रेकिंग ग्रुपचं नूतनीकरण पहिल्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट आलं होतं, तेही डिसेंबरात, किल्ल्यांची सगळी पानं आत अडकलेली असताना. डोमेनचं नाव वेगळं, डॉट इन घेतलं तर वर्षाला साधारण सहाशे ते हजार. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र विकायला कुणी आलं तर नम्रपणे नको म्हणा. लेट्स एन्क्रिप्ट ते फुकट देतं आणि आपोआप नवं करण्याची सोयही असते.

त्याच्या वरची पायरी व्हीपीएस, म्हणजे आपल्यापुरता वेगळा आभासी सर्व्हर. स्वतःचा नळ, स्वतःचा मीटर, आणि गळती झाली की प्लंबरही आपणच. डिजिटल ओशनच्या दरपत्रकात एक जीबी रॅम आणि पंचवीस जीबी डिस्कचं मशिन महिना ६ डॉलरला आहे, बंगळूरच्या केंद्रातूनही मिळतं. आठवड्याचा बॅकअप घेतला तर भाड्याच्या वीस टक्के जास्त, म्हणजे ७.२० डॉलर. हिशेबाला डॉलर ९० रुपये धरला तर ६४८ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी. महिना सुमारे ७६५ आणि वर्षाला ९,२०० च्या आसपास. दोन जीबीचं घेतलं तर सरळ दुप्पट. कंपनीचा जीएसटी नंबर असेल तर तो खात्यात आधीच भरा आणि रिव्हर्स चार्जचं काय ते सीएला विचारून घ्या. आपोआप कापल्या जाणाऱ्या पेमेंटचे रिझर्व्ह बँकेचे नियम २०२१ पासून कडक झाले, त्यामुळे परदेशी कंपनीचं दरमहाचं बिल कार्डावर कधी अडकेल सांगता येत नाही. खात्यात सहा महिन्यांचे पैसे आगाऊ ठेवता येत असतील तर ठेवून मोकळं व्हावं.

तिसरी वाट घरच्या किंवा ऑफिसच्या मशिनची. इथे लोक हटकून माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढतात, 'पडूनच आहे ना' म्हणून. तो पडून असतो तोवर फुकट. चालू केला की ६० वॅटच्या हिशेबाने वर्षाला सव्वापाचशे युनिट खातो. वहन आकार वगैरे धरून युनिट दहा रुपयांना पडतं असं समजा. म्हणजे सव्वापाच हजार महावितरणला. त्याऐवजी पाच वॅटवर चालणारा रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर घेतला तर वर्षाला ४४ युनिट, साडेचारशे रुपये. पायची किंमत, चांगला ॲडॅप्टर आणि छोटी एसएसडी मिळून एकदाचे आठ-दहा हजार जातात. मेमरी कार्डवर विकी ठेवू नका. दोन-चारदा झटक्याने लाइट गेली की कार्ड खराब होण्याची भीती असते. राउटरसाठी ठेवतात तसला छोटा यूपीएस याला पुरतो.

बाहेरून बघायचं असेल तर आणखी एक गोम. आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कनेक्शनांत घराला स्वतःचा पत्ता नसतोच, बिल्डिंगमधल्या शंभर घरांची एकच टपालपेटी असावी तसा तो सामायिक असतो. स्थिर आयपीचे वेगळे पैसे पडतात, नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल किंवा टेलस्केलसारखी वाट काढावी लागते. दोन्हींची छोट्या वापरासाठी फुकट सोय आहे.

डिस्क किती घ्यायची यावर मात्र डोकं शिणवू नका. पाचशे शब्दांचं मराठी पान जेमतेम दहा केबीचं असतं. मोबाइलमधला एक फोटो साडेतीन एमबीचा, म्हणजे साडेतीनशे पानांएवढा. जागा शब्दांनी भरत नाही, फोटोंनी भरते. आणि बरेच विकी ज्या पीएचपी भाषेवर चालतात तिची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा दोन एमबीची असते. पहिल्याच दिवशी 'फोटो चढत नाही' अशी तक्रार येणार. ती मर्यादा आधीच वाढवून ठेवा.

कोणता घ्यायचा

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव मीडियाविकीचं, कारण विकिपीडिया त्यावर चालतो. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे, आणि 'अलीकडील बदल', 'चर्चा', 'इतिहास' हे त्यातले शब्द तुमच्या विकीतही जसेच्या तसे मिळतात. संपूर्ण मराठी पडदा हवा असेल तर याच्याइतकं तयार काही नाही. पानं हजारांत जाणार असतील, साचे आणि वर्गांची उतरंड लावायची असेल, गावाचा इतिहास किंवा शब्दकोश करायचा असेल, तर हाच घ्या. मात्र तो मुळात सगळ्यांनी सगळं वाचावं म्हणून बांधलेला आहे. पूर्ण विकीला कुलूप लावता येतं. 'हे पान फक्त कमिटीने बघावं' हे काम त्याच्या स्वभावात नाही. कुलूप लावलं तरी चढवलेले फोटो वेगळ्या वाटेने झाकावे लागतात, नाहीतर पत्ता माहीत असलेल्याला ते दिसत राहतात. आणि नोंदणी सगळ्यांना खुली ठेवलीत तर महिनाभरात औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची पानं तयार होतात. अनुभवाने सांगते, तुमच्या सभासदांच्या आधी तेच येतात.

मीडियाविकी घेतलाच तर दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. १.४३ ही तशी आहे, डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि तिला तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांच्या मागे लागलात तर दर सहा महिन्यांनी घर बदलल्यासारखं होतं, आणि दर वेळी एखादं जोडलेलं एक्स्टेन्शन जुन्या घरातच राहतं.

डोकुविकी हा आंद्रेआस गोहर या जर्मन प्रोग्रामरने २००४ मध्ये केलेला. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. चाळीतल्या खोलीतही राहतो, पायवरही राहतो. कुणी काय वाचावं, कुणी काय लिहावं याचे नियम अंगचेच आहेत, पानापानाला लावता येतात. दिसायला जुनाट, मान्य. लिहिताना चिन्हं वापरावी लागतात आणि तक्ता करायचा म्हणजे उभ्या रेघा मोजत बसणं आलं. पण उद्या विकी बंद पडला तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते, आणि मला रात्री झोप लागते ती त्यामुळे.

बुकस्टॅक २०१५ चा. कपाट, पुस्तक, प्रकरण, पान अशी रचना, त्यामुळे समजावून सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. लिहिणं वर्डसारखं. शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात, जिथे लिहिणारे बरेच आणि कॉम्प्युटरची आवड बेताची, तिथे मी हाच सुचवते. डेटाबेस लागतो, एक जीबीच्या व्हीपीएसवर सुखाने चालतो. रचना ताठर आहे. प्रकरणाच्या पोटात आणखी प्रकरण नाही. ज्यांना सगळ्याची उपशाखा काढायची हौस असते त्यांचं यात जमत नाही.

बाकीच्यांना थोडक्यात निरोप. विकी डॉट जेएस देखणा आहे, गिटशी जोडता येतो. तिसरी आवृत्ती 'येतेय, येतेय' म्हणत वर्षं गेली आणि सगळे २०१९ मधल्या दुसरीवरच आहेत. एक्सविकी फार ताकदीचा, पण जावावर चालतो. दोन जीबी रॅमखाली त्याचा विचारही करू नये, म्हणजे भाडं दुप्पट. आउटलाइनला स्वतःच्या सर्व्हरवर बसवताना डेटाबेस, रेडिस आणि वेगळी लॉगिन व्यवस्था असा सगळा लवाजमा लागतो. एकट्यापुरत्या नोंदी असतील तर टिडलीविकी बघा, सगळा विकी एकाच फाइलमध्ये मावतो, सर्व्हरही लागत नाही.

मराठीची परीक्षा

आता ज्याबद्दल इंग्रजी तुलनातक्ते चकार शब्द काढत नाहीत ते. निवड करण्याआधी प्रत्येक विकीवर तीन गोष्टी करून बघा. अर्धा तास लागतो.

पहिली, लांब शीर्षक. कारखान्यात आम्ही डोकुविकी बसवला आणि सुपरवायझरने पहिलंच पान काढलं : 'व्हीएमसी दोन स्पिंडल ओव्हरलोड अलार्म'. सेव्ह होईना. पाच शब्दांचं नाव, त्यात लांब काय आहे? कॉम्प्युटरच्या दृष्टीने आहे. 'स्पिं' हे आपल्याला एक अक्षर, त्याला पाच चिन्हं : स, हलंत, प, वेलांटी, अनुस्वार. असं मोजत गेलं तर त्या नावात ३२ चिन्हं होतात. डोकुविकी मूळ सेटिंगमध्ये फाइलचं नाव अशा रीतीने बदलून ठेवतो की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला नऊ जागा लागतात. बत्तीस नव्वे दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि लिनक्समध्ये फाइलच्या नावाला जागा २५५. म्हणजे जेमतेम सव्वीस-अठ्ठावीस चिन्हांवर गाडी अडते. सेटिंगमध्ये फाइलनावांची पद्धत यूटीएफ-८ केली की चिन्हामागे तीनच जागा लागतात आणि प्रश्न सुटतो. पण हे पहिलं पान लिहिण्याआधी करायचं. नंतर केलंत तर जुन्या नावांची पानं त्याला सापडत नाहीत. मीडियाविकीतही शीर्षकाला २५५ चीच मर्यादा आहे, पण तिथे मुळातच तीनाचा हिशेब असल्याने ८५ चिन्हं मावतात.

दुसरी, शोध. बहुतेक विकी शब्द जसाच्या तसा, फार तर सुरुवातीपासून जुळवून शोधतात. मराठीत पट्टा तुटला की तो लगेच पट्ट्याचा, पट्ट्याला, पट्ट्यामुळे होतो. 'पट्टा' शोधणाऱ्याला 'पट्ट्याचा ताण' हे पान मिळत नाही. डोकुविकीत आणि मीडियाविकीत शेवटी तारका लावून 'पट्ट*' असं शोधता येतं, आणि ही एक युक्ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. त्याहून छळवादी प्रकार अर्ध्या र चा. 'दुसऱ्या' मधला ऱ्या एका कीबोर्डवर खास ऱ ने येतो, दुसऱ्यावर साध्या र मागे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच कीबोर्ड ठेवायला सांगा.

तिसरी, पीडीएफ. बुकस्टॅकमध्ये पानाची पीडीएफ काढायचं बटण आहे आणि ग्राहक हमखास त्यावर भाळतो. त्यामागे मूळ जे साधन आहे त्याला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. मराठी पान दिलंत तर फाँटअभावी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतील. फाँट घातलात तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसेल. दुसरं साधन जोडता येतं, पण रोजच्या कामाला ब्राउझरमधून प्रिंट देऊन 'पीडीएफ म्हणून सेव्ह' केलं तरी भागतं, आणि अक्षरं बिनचूक येतात.

आणि जुना मजकूर? तो श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असेल तर विकीत चिकटवल्यावर नुसता कीबोर्डचा चिवडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर वाचून तपासावा लागतो. हाताने लिहिलेल्या वह्या असतील तर टायपिंगचा खर्च धरा. दर गावोगावी वेगळे, पण पानाला तीस रुपये जरी धरले तरी तीनशे पानांचे नऊ हजार. वर्षभराच्या व्हीपीएसएवढी रक्कम आहे ही, आणि अंदाजपत्रकात ती कुणीच मांडत नाही.

गळती

खरा खर्च माणसाच्या वेळेचा. डोकुविकीला महिन्याला अर्धा तास, बुकस्टॅकला तास, मीडियाविकीला आवृत्ती बदलायच्या महिन्यात एक अख्खा रविवार, असा माझा अंदाज आहे. घरात कुणी करणारं असेल तर उत्तम. नसेल तर बाहेरच्या माणसाशी वार्षिक करार करा आणि करारात 'बॅकअप घेणे' असं लिहू नका, 'बॅकअपवरून विकी पुन्हा उभा करून दाखवणे' असं लिहा.

हा शब्दांचा खेळ नाही. एका वाचनालयाचा मीडियाविकी मीच सांभाळत होते. डेटाबेसची प्रत रोज रात्री निघायची, मी रोज सकाळी फाइल बघून समाधानी. सर्व्हर बदलायची वेळ आली तेव्हा सगळी पानं आली आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. फोटो डेटाबेसमध्ये नसतात, वेगळ्या फोल्डरात असतात, आणि ते फोल्डर मी यादीत घातलंच नव्हतं. जुना सर्व्हर अजून चालू होता म्हणून वाचले. तेव्हापासून माझी यादी भिंतीवर चिकटवलेली आहे : मीडियाविकीचा डेटाबेस, फोटोंचं फोल्डर आणि सेटिंगची फाइल, बुकस्टॅकचा डेटाबेस, अपलोडची दोन्ही फोल्डरं आणि गुप्त किल्ली असलेली सेटिंगची फाइल, डोकुविकीचं अख्खं फोल्डर उचला, झालं. प्रत त्याच सर्व्हरवर ठेवली तर ती प्रत नव्हे.

कारखान्याचा हिशेब असा झाला. रास्पबेरी पाय, एसएसडी, छोटा यूपीएस मिळून साडेअकरा हजार, एकदाच. वीज वर्षाला साडेचारशे. विकी आवारातल्या वायफायवरच दिसतो, म्हणून डोमेन नाही, स्थिर आयपी नाही. डोकुविकी निवडला, कारण डेटाबेस सांभाळणारं तिथे कुणी नाही आणि लिहिणारे तिघंच आहेत. बाकीचे ऑपरेटर मोबाइलवर बोलून मजकूर पाठवतात आणि ऑफिसातली ताई तो पानावर चढवते. साताऱ्याच्या काकांना दोन दिवस बोलावून घेतलं, जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन मिळून सहा हजार. पहिली साठ पानं त्यांचीच आहेत. सगळ्या खर्चातला हा आकडा मालकांनी न कुरकुरता दिला.

बॅकअपवरून विकी परत उभा करून बघायचा दिवस आम्ही खंडेनवमीचा ठरवलाय. त्या दिवशी मशिनं बंद असतात, पुसून हळदकुंकू लावलेली असतात आणि सुपरवायझर मोकळा असतो. गेल्या खेपेला दुसऱ्या कॉम्प्युटरवर विकी उभा राहायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंचवीस पासवर्डची चिठ्ठी शोधण्यात गेली. ती ताईच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चलनपुस्तकात होती.